नांगराच्या गावातली ‘स्त्री’

आठ मार्चला आमच्या महिला मंडळात दरवर्षी प्रश्नमंजूषा असते आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडतं. मागे एकदा मी सोपा म्हणून एक प्रश्न घातला. आपल्या सांगली जिल्ह्यातून निघालेलं आणि पुढे महाराष्ट्रभर गाजलेलं बायकांचं मासिक कोणतं, आणि ते कुणी काढलं? साठीच्या पुढच्या दोघी-तिघींनी ‘स्त्री’ हे नाव पटकन सांगितलं. पण काढलं कुणी म्हटल्यावर जी नावं आली ती सगळी बायकांची. विद्या बाळांचं नाव तर चौघींनी घेतलं. विद्याताई ‘स्त्री’त होत्या हे खरं, पण त्या तिथे आल्या १९६४ साली. तोवर मासिकाला चौतीस वर्षं होऊन गेली होती.

ते काढलं एका पुरुषानं. नांगराच्या कारखान्याच्या जाहिराती करणारा हा माणूस मुळात चित्रकार होता. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे ‘शंवाकि’.

हे सांगितल्यावर हॉलमध्ये जरा हिरमोडच झाला. बाईनं कसं असावं हे ठरवायला तिथेही बाप्याच होता का, असं एकीनं तोंड वाकडं करून विचारलं. सगळ्या हसल्या आणि चहा आला म्हणून विषय तिथेच राहिला. प्रश्न मात्र रास्त होता. माझ्याही मनात तो बरीच वर्षं आहे, कारण या शंकररावांनी आमच्या घरातल्या एका बाईच्या डोक्यात एक हौस भरवली होती आणि ती तिला चांगलीच महाग पडली होती. ते पुढे सांगते.

शंकररावांचा जन्म १८९१ सालचा, सोलापूरचा. वडील वासुदेवराव डॉक्टर. काका लक्ष्मणराव म्हणजे किर्लोस्कर कारखान्याचे संस्थापक. गंमत अशी, की लक्ष्मणरावांनाही तरुणपणी चित्रकारच व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते गेलेसुद्धा, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि ब्रश सुटला. मग यंत्रांची ड्रॉइंग, मग बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ कारखान्यासाठी दिला. निवडुंग, साप, विंचू, आणि पाण्याची बोंब. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता सांगलीहून कराडकडे गाडीनं जाताना भिलवडी सोडलं की ती लागते. स्टेशनालाही आता तेच नाव आहे.

काकाच्या हातून सुटलेला ब्रश पुतण्यानं धरला. पंडित सातवळेकर, ज्यांना आपण वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो, ते आधी नावाजलेले चित्रकार होते आणि त्यांचा लाहोरला स्टुडिओ होता. शंकरराव तिथे शिकायला गेले. सोलापूरकडचा मुलगा चित्रकला शिकायला थेट लाहोर गाठतो, हे त्या काळी घरच्यांच्या पचनी पडायला वेळच लागला असणार.

पण चित्रांवर पोट भरणं तेव्हाही अवघड होतं. शंकरराव वाडीला आले आणि कारखान्यात रमले. त्यांच्याकडे काम आलं विक्रीचं आणि जाहिरातीचं. आणि विकायचं काय, तर लोखंडी नांगर! लोखंडानं जमिनीत विष पसरतं, असं म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. अशा माणसाला समजवायचं म्हणजे नुसत्या किमतीचा तक्ता छापून भागत नाही. जी वस्तू त्यानं कधी वापरली नाही ती त्याच्या डोळ्यांपुढे उभी करायची, भीती घालवायची, आणि आपल्याला हे हवंच असं त्याला वाटायला लावायचं. शंकररावांची खरी शाळा ही, असं मला वाटतं. ‘स्त्री’ समजून घ्यायची तर हा नांगर विसरून चालत नाही.

जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याचं छोटंसं पत्रक होतं, गिऱ्हाइकांसाठी आणि दुकानदारांसाठी. हळूहळू त्यात उद्योगाच्या गोष्टी आल्या, निबंध आले, कथा आल्या, शंकररावांची व्यंगचित्रं आली. ही व्यंगचित्रं पुढे ‘टाकाच्या फेकी’ या नावानं पुस्तकात निघाली. मराठीत व्यंगचित्र नवंच होतं तेव्हाची ही गोष्ट. बघता बघता पत्रकाचं मासिक झालं. पुढे नावातलं ‘खबर’ गळालं आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. मग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. या तिघांना मिळून लोक ‘किस्त्रीम’ म्हणायचे. नांगर, चरक आणि मासिकं एकाच वाडीतून बाहेर पडत होती आणि त्याच स्टेशनवरून गाडीत चढत होती. मुंबई-पुण्याच्या संपादकांना मजकूर मागायला दोन गल्ल्या पलीकडे जायचं असे. शंकररावांना मात्र लेखक शोधत गावोगाव फिरावं लागे. त्यांनी नवे लिहिणारे हेरले, लिहिते केले. ना. धों. ताम्हनकर वाडीतच त्यांच्या हाताशी होते. आपल्या लहानपणी टीव्हीवर ‘गोट्या’ लागायचा ना, तो गोट्या याच ताम्हनकरांचा.

आता १९३० हे साल जरा डोळ्यांपुढे आणा. मुलीच्या लग्नाचं वय चौदाच्या खाली नको, असं सांगणारा सारडा कायदा त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झाला होता. चौदा म्हणजे आपल्याकडची आठवी-नववीतली पोर! आणि ही सुधारणा म्हणून लोकांनी आरडाओरड केलेली. १९३१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात शंभर बायकांमागे जेमतेम तिघींना लिहिता-वाचता येत होतं. अशा वेळी एका आडगावातल्या कारखान्यातून फक्त बायकांसाठी मासिक काढायचं. व्यवहारात मुरलेल्या माणसाला हा आतबट्ट्याचाच धंदा वाटला असता.

बायकांसाठी मासिकं आधी नव्हती असं नाही. एकोणिसाव्या शतकात ‘स्त्रीभूषण’ होतं, ‘आर्यभगिनी’ होतं. पुढे ‘गृहिणीरत्नमाला’ आलं. नावं वाचूनच कळतं बघा. बाई म्हणजे कुणाची तरी बहीण, नाहीतर गृहिणी, नाहीतर दागिना. शंकररावांनी नाव ठेवलं नुसतं ‘स्त्री’. मागे-पुढे काही नाही. जाहिरातवाल्या माणसाला एका शब्दाची ताकद बरोबर कळलेली असणार.

आणि मग मुखपृष्ठ. त्या काळी घरात चित्र म्हणजे काय असे? रविवर्म्याची कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, फार तर शकुंतला-दमयंती. भिंतीवरची बाई एकतर देवी, नाहीतर पुराणातली. ‘स्त्री’च्या मुखपृष्ठावर चित्रं शंकरराव स्वतःही काढत, दुसऱ्या चित्रकारांकडूनही काढून घेत. त्यांतली बाई आजच्या जगातली होती. हातात पुस्तक घेतलेली, खेळणारी, मोकळ्या हवेत एकटी उभी राहिलेली. सुंदर होती, पण दागिन्यांनी मढलेली नव्हती. पाठ ताठ. मान वर. औंध संस्थानात सूर्यनमस्काराचं केवढं वेड होतं, राजेसाहेब स्वतः घालायचे, शाळांतून मुलींनाही घालायला लावायचे. वाडी त्याच संस्थानातली. त्या चित्रांमधल्या निरोगी, रुंद खांद्यांच्या मुली पाहिल्या की मला उगीचच तो सूर्यनमस्कार आठवतो.

मुखपृष्ठ पाहून बाई मासिक हातात घेणार, पण आत काय? आत कथा होत्या, विणकाम होतं, पदार्थ होते. ते असणं शहाणपणाचंच होतं, कारण त्या पानांच्या आडून बाकीची पानं घरात शिरत. बाकीची पानं म्हणजे हुंडा, विधवांचं जिणं, दुसरं लग्न, मुलींचं शिक्षण, नोकरी, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. शिकलेल्या, काही वेगळं करणाऱ्या बायकांची माहिती आणि फोटो. आज आपल्याला फोटो म्हणजे काहीच वाटत नाही. पण चांगल्या घरच्या बाईचा फोटो छापून परक्या पुरुषांच्या हातात जाणार, ही कल्पनाच तेव्हा कितीतरी घरांत अब्रूवर घाला वाटे. लिहिण्याचंही तेच. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलं, तर ही बाई कोण म्हणून महाराष्ट्रभर गहजब झाला. पुढे कळलं, त्या मालतीबाई बेडेकर. एवढी शिकलेली बाई नाव लपवते, तिथे खेड्यातल्या बायकांची काय कथा?

शंकररावांचा स्वभाव मुळातच वाद अंगावर घेण्याचा होता. बुवाबाजीविरुद्ध त्यांनी ‘किर्लोस्कर’मधून मोहीमच उघडली होती. बुवांच्या नादी लागून नाडल्या जाणाऱ्यांत बायकाच जास्त, हे त्यांना ठाऊक होतं. धर्म बुडवायला निघालेला माणूस म्हणून त्यांच्यावर टीका झाली. नांगर विकताना लोकांच्या समजुतींशी गाठ पडलेली होतीच, त्यामुळे त्यांना या विरोधाचं फार नवल वाटलं नसावं.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या आजीचं लग्न १९३८ साली झालं, पंधराव्या वर्षी. तासगावजवळचं गाव. आजोबा मास्तर, म्हणून घरी ‘स्त्री’ यायचं. वर्गणी अर्थात आजोबांच्या नावानं, वेष्टणावर पत्ता त्यांचा. अंक आधी ते वाचायचे, मग दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की आजीच्या हाती लागायचा. शेजारच्या दोघींना वाचता येत नव्हतं. त्या धान्य निवडायला म्हणून येत आणि आजी दबक्या आवाजात वाचून दाखवी. ज्वारी त्या दुपारी फार स्वच्छ निवडली जायची, असं ती सांगे. वाचकांची पत्रं ती आवडीनं वाची, पण स्वतः कधी पत्र लिहिलं नाही. पोस्टमन गावातलाच. अक्षर ओळखलं असतं.

चित्रं मात्र तिनं पोटभर पाहिली. आणि त्या चित्रातल्या बाईची पाचवारी साडी तिच्या मनात भरली. आज तुम्हाला हसू येईल. नऊवारी की पाचवारी, हा आज फॅशनचा मामला आहे. सणाला आपण हौसेनं नऊवारी शिवून घेतो. पण त्या वेळी सुनेनं पाचवारी नेसणं म्हणजे सासर मोडीत काढणं होतं. एका भाऊबीजेला भावानं तिला पाचवारी घेतली. पुढे सांगलीला गणपतीच्या दर्शनाला जायचं निघालं, तेव्हा तिनं ती नेसली. माहेरहून परस्पर निघाली होती म्हणून जमलं. संध्याकाळी गावात परतली तर सासूबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. गोठ्यात जाऊन लुगडं बदलून ये, म्हणून लुगडं बाहेर टाकलं. पुढचे आठ दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. आजोबासुद्धा नाहीत. ज्यांच्या नावानं मासिक येत होतं, त्यांनी हूं की चूं केलं नाही.

ती साडी परत कधी आजीच्या अंगावर आली नाही. ती जन्मभर नऊवारीतच राहिली.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला शंकररावांचाच राग आला होता. चित्र काढणारा वाडीत बसून चित्र काढतो, आणि गोठ्यात जाऊन लुगडं बदलायची पाळी येते आमच्या आजीवर. नांगर घेतला तर कारखाना सोबत फाळ द्यायचा, सुटे भाग द्यायचा, नडलं तर माणूस येऊन दुरुस्त करून जायचा. चित्रातल्या बाईचे सुटे भाग कुठे मिळणार होते? ताठ मानेनं उभं राहायला हातात पैसा लागतो, पाठीशी माणूस लागतो. ते अंकासोबत येत नव्हतं.

दुसरीही एक तक्रार आहे. माझ्याकडे आजीचे जे जुने अंक आहेत, त्यांतली मुखपृष्ठावरची बाई जवळजवळ नेहमी गोरी, नाकीडोळी नीटस, पांढरपेशा घरातली. वाडीच्या कुंपणापलीकडे भुईमूग काढणारी, उसाच्या रानात राबणारी बाई मला त्यांत सापडली नाही. ज्या १९३० साली ‘स्त्री’ निघालं, त्याच वर्षी याच मुलखात, शिराळ्याकडच्या बिळाशीत, जंगल सत्याग्रहात बायका पोलिसांपुढे उभ्या राहिल्या होत्या. लुगड्याचा काचा मारून. आधुनिक म्हणायचं तर त्या काय कमी आधुनिक होत्या? पण आधुनिक बाई म्हणजे शिकलेली, शहरी, सुबक, हे चित्र एकदा ठरून गेलं आणि आपल्या डोक्यात ते अजून पुरतं पुसलेलं नाही. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती आल्या तेव्हा त्यांना तयारच डोकी मिळाली.

मग आजीलाच एकदा विचारलं, की तुला त्या मासिकाचा राग नाही आला? ती माझ्याकडे खुळ्यासारखी बघत राहिली. तिच्या मनात असं कधी आलंच नव्हतं. तिच्या हिशेबी राग यायचा तर तो दार अडवणाऱ्यांचा यायचा, दाराबाहेर काय आहे ते दाखवणाऱ्याचा कशाला? ती पाचवारी साडी तिनं फेकून दिली नव्हती. घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवली होती. माझी मोठी आत्या मॅट्रिकच्या परीक्षेला तासगावला निघाली, तेव्हा ती साडी बाहेर आली. सासूबाई तेव्हा हयात होत्या. पण आजीनं त्या दिवशी कुणाला विचारलं नाही. लेकीला स्वतः साडी नेसवली, निऱ्या घातल्या आणि एसटीपर्यंत सोडायला गेली. बाकी कुठल्याच गोष्टीत तिनं घरात तोंड उघडलं नाही, पण दोन्ही लेकींना मॅट्रिक केलं.

शंकररावांना अशा घरांची कल्पना होती का? थोडीफार असणार. मासिकाकडे पत्रं येत, आणि पत्रं वाचणारा संपादक होता तो. चित्रातली बाई आणि पत्रातली बाई यांच्यात किती अंतर आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? मुखपृष्ठावर हौस होती आणि आतल्या पानांवर तिची किंमत. दोन्ही एकाच अंकात छापायचं धाडस त्यांनी केलं, हे मला आता, या वयात, जास्त महत्त्वाचं वाटतं. तरुणपणी मी फक्त मुखपृष्ठंच पाहिली होती. आत वाचायचा कंटाळा केला.

पुढे किर्लोस्कर प्रेस पुण्याला गेला. संपादनाची धुरा शंकररावांचे चिरंजीव मुकुंदराव यांनी उचलली. शंकररावांनी काका लक्ष्मणरावांचं चरित्र लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. स्वतःचं आत्मचरित्र ‘शंवाकीय’ १९७४ साली आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९७५ सुरू होता होता ते गेले. ते साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलं होतं, हा निव्वळ योगायोग.

विद्या बाळ १९८३ मध्ये ‘स्त्री’च्या संपादक झाल्या आणि तीन वर्षांनी तिथून बाहेर पडल्या. १९८९ साली त्यांनी स्वतःचं मासिक काढलं, त्याचं नाव ‘मिळून साऱ्याजणी’. ‘स्त्री’ एकटी होती, चौकटीत उभी. या साऱ्याजणी झाल्या. त्यात खेड्यातल्या, कष्टकरी बायकांनाही जागा होती. विद्याताई २०२० च्या जानेवारीत गेल्या. आमच्या मंडळातल्या चौघींनी उत्तर म्हणून त्यांचं नाव दिलं, तेव्हा मी त्यांना शून्य गुण दिले होते. घरी येताना वाटलं, अर्धा गुण तरी द्यायला हवा होता.

तोंड वाकडं करून प्रश्न विचारणारी ती मैत्रीण पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आली आणि आजीच्या अंकांतले तीन घेऊन गेली. मुखपृष्ठं बघून परत देते म्हणाली होती. त्याला आता दोन महिने झाले. काल बाजारात भेटली, तेव्हा अंकांचं विचारलं, तर कळलं की तिच्या सासूबाई वाचत बसल्यात. आतली पत्रं.